आधी खोट काढा, मग खा

विज्ञान दिन होऊन गेला की माझ्याकडे दोन प्रकारची पत्रं येतात. ‘आमच्या मुलाच्या मॉडेलला नंबर का नाही आला’ अशी काही. त्यांना मी उत्तर देत नाही. बाकीची, खाण्याच्या वस्तूंतून घरी विज्ञान कसं शिकवावं अशी. यंदा ही दुसरी इतकी आली की हे सदर त्यांनाच देऊन टाकते. नव्या वाचकांसाठी सांगते: मी शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि शनिवारी दुपारी आमच्या बिल्डिंगमधली पोरं माझ्या ओट्याभोवती जमतात. तिथे नियम एकच. मॉडेल खायचं असेल तर ते कुठे खोटं बोलतंय ते आधी सांगायचं. खोट सापडली नाही तर लाडू डब्यात परत.

प्रश्न: बाई, मुलगी पाचवीत आहे. ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा प्रकल्प मिळालाय. ओळखीच्या केकवालीने फॉन्डंटचे चार रंगीत थर असलेला अर्धगोल अठराशे रुपयांत करून देते म्हणून सांगितलं. घरी काही जमेल का? मोदक केला तर? – एक आई, कोथरूड

अठराशे रुपये वाचवा. फॉन्डंट हा खाण्यासारखा दिसणारा आणि कोणीच न खाणारा पदार्थ आहे, माझं त्याच्याशी कधी जमलं नाही.

मोदकाची कल्पना सगळ्यांनाच सुचते, कारण बाहेर पारी आणि आत सारण. पण जरा हिशोब करा. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. मोदक सहा सेंटिमीटर रुंद धरला तर त्याची तीन मिलिमीटरची पारी म्हणजे सहाशे किलोमीटरहून जाड कवच झालं! खरं कवच जमिनीखाली सरासरी पस्तीसेक किलोमीटर, समुद्राखाली सातेक. सहा सेंटिमीटरच्या गोळ्यावर ते मिलिमीटरचा सहावा भागसुद्धा भरत नाही. इतकी पातळ पारी कोकणातल्या आजीलाही वळता यायची नाही.

म्हणून लाडू. तोही असा: मधोमध फुटाण्याएवढा काजूचा तुकडा, हा आतला गाभा. त्याभोवती बिया काढून, कोमट दुधात मऊ करून कुस्करलेला खजूर, एकूण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीचा गोळा होईपर्यंत. हा बाहेरचा गाभा. त्यावर बेसनाच्या लाडवाचं मिश्रण लावून सहा सेंटिमीटरपर्यंत न्यायचं, हे प्रावरण. शेवटी पूर्ण लाडू पिठीसाखरेत घोळवायचा आणि झटकायचा. झटकल्यावर जी पांढरी धूळ चिकटून राहते तेच आपलं कवच. हिमालय, सह्याद्री, पुणे, सगळं त्या धुळीत. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियात कोला इथलं, बारा किलोमीटरच्या थोडं पुढे गेलेलं. त्याने ती धूळही पुरती भेदलेली नाही. मुलीकडून मोजपट्टी आणि त्रैराशिक करून घ्या, लाडू तुम्ही वळलात तरी चालेल.

बेसन मुद्दाम निवडलंय. पुस्तकातलं लाल-केशरी चित्र बघून मुलांना वाटतं, प्रावरण म्हणजे उकळता लाव्हा. तसं नाही. ते घन आहे, फक्त लाखो वर्षांच्या हिशोबात सावकाश सरकतं. तूप जरा जास्त झालेला बेसनाचा लाडू हातात घट्ट लागतो आणि सकाळी डब्यात बसलेला सापडतो, हे तुमच्या मुलीने पाहिलेलं असणारच. तोच लाडू तिला दाखवा.

आता खोट. खजूर कितीही मऊ केला तरी वाहत नाही. खरा बाहेरचा गाभा वितळलेल्या लोखंड-निकेलचा, द्रव आहे. लाडू थंड आहे, गाभ्यात पाच हजार अंशांहून जास्त तापमान. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे लाडू कापून बघता येतो. पृथ्वी कोणी कापलेली नाही. हे थर भूकंपाच्या लहरींवरून कळले: काही लहरी द्रवातून जातच नाहीत, काही वाकतात. आतला घन गाभा आहे हे १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेहमान या बाईंनी दूरच्या भूकंपाच्या नोंदी ताडून दाखवून दिलं. हे नाव मुलीच्या वहीत आलं पाहिजे.

प्रश्न: आम्ही वाघोलीला नवीन राहायला आलोय. मुलाला दगड गोळा करायचा नाद. ‘हा दगड असा भोकाभोकांचा का’ म्हणून विचारतो. स्वयंपाकघरातून काही दाखवता येईल? – एक बाबा, वाघोली

वाघोलीत राहून हा प्रश्न विचारताय, म्हणजे तुमचा मुलगा योग्य जागी आलाय. ढोकळा करा.

आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा. लाव्ह्यात वायू विरघळलेले असतात. वर आल्यावर दाब कमी होतो, वायू बुडबुडे होऊन सुटायला बघतात, आणि वरचा भाग थिजला की बुडबुडे तिथेच अडकतात. ढोकळ्याचा तुकडा मधून कापा आणि भिंग देऊन मुलाला जाळी बघू द्या. त्याच्याकडचा दगड शेजारी ठेवा.

इथपर्यंत सगळेच करतात, पुढचा भाग फक्त आपल्या भागाचा आहे. लाव्हा थिजल्यानंतर फार पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपलं, त्यात विरघळलेली खनिजं आत साचली, स्फटिक झाले. पांढरे, हिरवट, गुलाबी झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीची खनिजं यासाठी पुण्याभोवतीचा दगड जगभर माहीत आहे. तुमच्या वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हन्साइट तर संग्राहकांना वेड लावतं: गडद निळ्या सुयांचे बारीक गोंडे. त्यात कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका असते, निळा रंग व्हॅनेडियमचा.

तर ढोकळ्याच्या मोठ्या भोकांत ओलं खोबरं भरा. निळं हवं असेल तर गोकर्णाची चार-पाच फुलं गरम पाण्यात भिजवा, त्या पाण्यात खोबरं बुडवून पिळून घ्या. ढोकळ्यातली आंबटाई लागली की कडेचं खोबरं जांभळट होईल. ती चूक समजू नका. गोकर्णाचा रंग आम्लात बदलतो, हा वेगळा धडा फुकटात पदरात पडला. तसाच दुसरा: पिठात हळद घातली आणि सोडा नीट मिसळला नाही तर ढोकळ्यावर लाल ठिपके उठतात. सासूबाई नावं ठेवतील, पण मुलाला सांगा की हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं त्यामागेही हीच क्रिया आहे.

खोट काय? माझ्या ओट्यावरच्या एका सहावीतल्या पोराने काढलेली सांगते, मला स्वतःला ती फार आवडली: ‘बाई, ढोकळा तापवल्यावर घट्ट होतो आणि लाव्हा गार झाल्यावर.’ अगदी उलट! त्याला दोन तुकडे जास्त दिले. दुसरी खोट वायूची. ढोकळ्यात आंबट आणि सोडा मिळून कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथे तयार होतो, लाव्ह्यात वायू आधीपासून विरघळलेला असतो. त्या बाबतीत सोडावॉटरची बाटली ढोकळ्यापेक्षा खरी.

रविवारी वेताळ टेकडीवर जुन्या खाणीच्या बाजूला चक्कर मारा, किंवा जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर दाखवा; अख्खं लेणं याच दगडात कोरलंय. चालू खाणीत मात्र मुलाला घेऊन शिरायचं नाही.

प्रश्न: बाई, मी चौथीत आहे. आम्ही क्रीमची बिस्किटं खरवडून चंद्राच्या कला केल्या. बाबा म्हणतात पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो. बरोबर आहे का? – बिबवेवाडी

नाही रे बाळा. सावली पडते ती ग्रहणात. बाबांना म्हणावं, रागावू नका, पुष्कळ मोठ्या माणसांना असंच वाटतं. बिस्किटाने तुझा घोटाळा आणखी वाढवला, कारण त्यात चंद्र कोणीतरी खरवडून टाकल्यासारखा दिसतो. बिस्किटं खाऊन टाक आणि आईकडून रव्याचा लाडू माग. पांढरा, छान गोल.

रात्री खोलीतले दिवे बंद. टेबलावर टॉर्च लाव, तो सूर्य. तुझं डोकं म्हणजे पृथ्वी आणि नाक म्हणजे पुणे. लाडू काट्याला टोचून हात लांब करून धर. टॉर्चकडे तोंड असताना लाडवाची तुझ्याकडची बाजू काळोखी दिसेल, ती अमावस्या. आता हात तसाच ठेवून डावीकडे वळत जा. उजव्या कडेला बारीक कोर दिसेल, मग अर्धा, आणि टॉर्चकडे पाठ झाली की पूर्ण उजळलेला. तिथे लाडू डोक्याच्या जरा वर धर, नाहीतर तुझ्याच डोक्याची सावली पडून ग्रहण लागेल. लाडवाचा अर्धा भाग सगळा वेळ उजेडातच होता, हे पाहिलंस का? तुला त्यातला किती दिसतो, एवढंच बदललं.

आता एक गंमत. तुमच्या घरी संकष्टी असेल तर चंद्र उगवेपर्यंत जेवण थांबतं, आणि तो नऊच्या आगेमागे उगवतो. उशीर का? लाडू आईच्या हातात दे. टॉर्चकडे तोंड करून उभा राहा, मग हळूहळू डावीकडे वळ. टॉर्च उजव्या खांद्याशी गेला की सूर्य मावळला. पौर्णिमेचा लाडू टॉर्चच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो, म्हणून तो त्याच क्षणी डाव्या खांद्याकडून दिसू लागतो. मग आईला सांग, लाडू आणखी थोडा डावीकडे, तुझ्या पाठीच्या बाजूला सरकव. आता तो दिसायला तुला आणखी वळावं लागतं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो तो असा. कालनिर्णयात संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. गच्चीत जाऊन ताडून बघ.

लाडू खायच्या आधी खोट सांग. मी थोडी मदत करते. तुझं डोकं पृथ्वी धरलं तर पाच सेंटिमीटरचा लाडू चंद्राच्या मापाला अगदी बरोबर आहे. चुकलंय ते अंतर. चंद्र पृथ्वीच्या तीस व्यासांएवढा लांब आहे. तुझं डोकं टेपने मोज आणि लाडू कुठे न्यायला हवा ते काढ. बहुतेक स्वयंपाकघराच्या पलीकडे जाईल!

प्रश्न: अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात वाढलो. नातवंडं डाळी-तांदूळ फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवून ‘प्रोजेक्ट’ करतात ते बघवत नाही. आपण याला उत्तेजन देता? – एक आजोबा, सहकारनगर

आजोबा, मी तुमच्या बाजूची आहे. गोंद लागला की ते अन्न राहिलं नाही. माझ्या ओट्यावर तेच होतं जे त्या दिवशी तसंही खायचंच असतं, आणि शेवटी ताटल्या रिकाम्या होतात. शाळेने पुठ्ठ्यावरच मागितलं तर पुठ्ठ्यावर चित्र काढावं.

प्रश्न: पेशीचं मॉडेल जेलीत करायचंय. आम्ही शाकाहारी आहोत. शिवाय क्लासमध्ये सांगितलं की संत्र्याच्या फोडीतला एकेक रसाळ दाणा म्हणजे एक पेशी. मग संत्रंच दाखवलं तर? – औंध

जेली चायना ग्रासची करा. ते समुद्री शेवाळापासून काढतात. जिलेटिन प्राण्यांचं असतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये जिलेटिन टेबलावर पाघळतं, चायना ग्रास मात्र एकदा लागलं की तसंच राहतं, ते वितळायला उकळीच्या जवळ जावं लागतं. वनस्पतीपेशी असेल तर चौकोनी डब्यातच लावा, डबा हीच पेशीभित्तिका. प्राणीपेशी असेल तर वाटीत. केंद्रकाला काळं द्राक्ष, तंतुकणिकांना बेदाणे. वनस्पतीपेशीत मधली मोठी रिक्तिका विसरू नका, बहुतेक जागा तीच खाते. शाळकरी मॉडेलांत ती कोपऱ्यात कोंबलेली असते.

संत्र्याच्या बाबतीत क्लासमध्ये चुकीचं सांगितलं. तो रसाचा दाणा खूप पेशी मिळून झालेला असतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी एक पेशी हवी असेल आणि घरात चालत असेल तर कोंबडीच्या न फळलेल्या अंड्याचा पिवळा बलक बघा. तो मुळात एकच पेशी. चालत नसेल तर कांद्याच्या आतल्या पाकळीचा पातळ पापुद्रा सोलून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. विटांसारख्या ओळी दिसतील. जिथे खरी गोष्ट मिळते तिथे मॉडेल दुय्यम. पापुद्र्यावर आयोडीन टाकलंत तर तो मात्र खाण्यातून बाद.

प्रश्न: स्फटिक शिकवायला मिठाचे प्रयोग करून मुलं कंटाळली. काही खाण्याजोगं? – नारायण पेठ

नारायण पेठेत राहून काटेरी हलवा आठवू नये? संक्रांतीला बोरन्हाणाच्या दागिन्यांसाठी तो कोणी घरी करत असेल तर मुलांना शेजारी बसवा. परातीत तीळ किंवा खसखस, खाली अगदी मंद आच, चमचा-चमचा पाक आणि बोटांच्या टोकांनी सतत फिरवणं. प्रत्येक थेंबातलं पाणी उडतं, साखर आधीच्या कणावर जाऊन बसते, आणि सावकाश काटे फुटतात. घाई करून पाक जास्त ओतला की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. स्फटिक वाढायला बीज लागतं आणि सवड लागते, ते इथे डोळ्यांसमोर घडतं. यात खोट काढायची गरज नाही, कारण हे मॉडेलच नाही.

मुलांच्या हातात मात्र पाक देऊ नका. तो शंभर अंशांच्या वर तापतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्यांच्यासाठी खडीसाखर. एक वाटी पाण्यात तीन वाट्या साखर तुम्ही गरम करून विरघळवा, कोमट झाल्यावर काचेच्या बरणीत ओता. जाड दोरा आधी पाकात बुडवून साखरेत घोळवून वाळवलेला हवा, नाहीतर स्फटिक दोऱ्याऐवजी तळाशी धरतात. दोरा तळाला टेकू न देता पेन्सिलीला बांधून सोडा, वर फडकं, आणि बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा; पुण्यातल्या मुंग्यांना तुमच्या प्रयोगाचा सुगावा तासाभरात लागतो. आठवडाभर हलवायची नाही. खरी परीक्षा तीच.

थोडक्यात

*सूर्यमालेचे लाडू कसे करावेत? (हडपसर)* लाडू नकोच. कलिंगड घ्या, साधारण बावीस सेंटिमीटरचं. तो सूर्य धरला तर पृथ्वी दोन मिलिमीटरची मोहरी, साडेतेवीस मीटरवर. चंद्र खसखशीचा अगदी बारका दाणा, मोहरीपासून सहा सेंटिमीटरवर. गुरू मोठ्या बोराएवढा, सव्वाशे मीटरच्या जरा अलीकडे. नेपच्यून हरभरा, सातशे मीटरवर. सोसायटीत मावत नाही, पहाटे रस्ता रिकामा असताना चालत जा. सगळ्यात जवळचा तारा याच मापाने सहा हजार किलोमीटरहून लांब, म्हणजे जर्मनीच्या आसपास एक छोटं लिंबू ठेवावं लागेल.

*पाण्याच्या रेणूसाठी टूथपिक आणि द्राक्षं वापरली, हायड्रोजन दोन्ही बाजूंना सरळ रेषेत लावले. चालेल? (पिंपरी)* चालणार नाही. दोघांमध्ये १०४.५ अंशांचा कोन हवा, काटकोनापेक्षा थोडा जास्त. कोनमापक घेऊन बसवा. तो वाक नसता तर पाणी इतकं गुणी निघालंच नसतं.

*धाकटा तीन वर्षांचा आहे, त्यालाही भाग घ्यायचा असतो. (धायरी)* घेऊ दे, पण अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, फुटाणे, लाह्या त्याच्यापासून दूर. घशात अडकतात. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून, चार तुकडे करून. त्याला ढोकळ्याच्या भोकात खोबरं भरायचं काम द्या. आणि मोठ्याला टूथपिक देताना मोजून द्या, उठायच्या आधी मोजून परत घ्या.